चामोर्शीहून परदेशी सत्राला निघताना

पदवी आपल्याच विद्यापीठाची घ्यायची, पण तिच्यातले एक सत्र दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकायचे, तिथे मिळवलेले श्रेयांक परत येऊन आपल्या गुणपत्रिकेत जमा करायचे, या व्यवस्थेला परदेशी सत्र म्हणतात. मुक्काम चार ते सहा महिन्यांचा असतो. पूर्ण पदवीसाठी गेलेल्याला रुळायला वर्षभर मिळते. सत्रासाठी गेलेला वाटा ओळखू लागतो तोवर परतीची वेळ येते. म्हणून या शिक्षणात पहिले दोन-तीन आठवडे फार मोलाचे असतात. विद्यार्थी कॅथलिक असेल तर त्याला वर्ग आणि वसतिगृहासोबत तिसरी एक जागाही शोधायची असते, ती म्हणजे रविवारच्या मिस्साचे चर्च. चामोर्शी, मूल किंवा अहेरीसारख्या गावातून निघालेल्या कॅथलिक मुलामुलीसाठी हा शोध मुंबई-वसईच्या विद्यार्थ्यापेक्षा थोडा वेगळा असतो. त्याचे कारण आपल्या भागातल्या चर्चच्या घडणीत आहे.

वैनगंगेकाठचा चामोर्शी तालुका गडचिरोली जिल्ह्यात आहे, आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी हा जिल्हा वेगळा होईपर्यंत सगळा मुलूख चंद्रपूरचाच होता. चर्चच्या नकाशावर आजही तो चांदा धर्मप्रांत म्हणून एकत्र आहे. 1962 मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे हा प्रदेश सोपवण्यात आला आणि सीएमआय नावाच्या धर्मसंघाचे धर्मगुरू इथे आले. 1977 मध्ये त्याचा पूर्ण धर्मप्रांत झाला. मुख्य चर्च बल्लारपूरला आहे. सिरो-मलबार हे रोमच्या पोपशी पूर्ण ऐक्यात असलेले, पण स्वतःची उपासनापद्धती आणि स्वतःचे कायदे असलेले पूर्वेकडील कॅथलिक चर्च आहे. आपली परंपरा ते प्रेषित संत थॉमसपर्यंत नेते आणि त्याची उपासना पूर्व-सिरियाक वळणाची आहे. वसई, मुंबई, पुणे, नागपूर इथले बहुसंख्य कॅथलिक लॅटिन पद्धतीचे आहेत, आणि जगातल्या बहुतेक देशांत दिसते ते कॅथलिक चर्चही लॅटिनच. त्यामुळे वसईचा विद्यार्थी म्युनिकच्या चर्चमध्ये शिरला तर भाषा परकी असली तरी मिस्साचा क्रम ओळखीचा असतो. चांदा धर्मप्रांतात वाढलेल्या विद्यार्थ्यासाठी भाषा आणि क्रम दोन्ही नवे असतात. विश्वास तोच, संस्कार तेच, पण पायरी एक जास्त.

पश्चिम किनाऱ्यावरून शिकायला परदेशी गेलेले कॅथलिक मात्र नवे नाहीत. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या मातेउश द काश्त्रू यांना गोव्यात धर्मगुरुपदाची वाट बंद दिसली, तेव्हा ते 1625 मध्ये रोमला पोचले, तिथे शिकले, धर्मगुरू झाले आणि 1637 मध्ये बिशपपदाची दीक्षा घेऊन आदिलशाही मुलखासाठी नेमले गेले. कांदोळीचे जुझे कुश्तोदियु फारिया, म्हणजे पुढे फ्रान्समध्ये संमोहनाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झालेले आबे फारिया, 1771 मध्ये वडिलांबरोबर लिस्बनला गेले, तिथून रोमला जाऊन प्रोपागांदा फिदे महाविद्यालयात शिकले आणि 1780 मध्ये धर्मगुरू झाले. उलट दिशेचा प्रवास तर मराठी वाचकाला अधिकच जवळचा आहे. रोममध्ये जेझुइट संघात दाखल झालेला इंग्रज तरुण थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आला, इथली भाषा शिकला आणि त्याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. या सगळ्यांचे जाणे-येणे वर्षानुवर्षांचे होते. सहा महिन्यांसाठी जाऊन श्रेयांक घेऊन परतण्याची कल्पना अलीकडची आहे. युरोपात तिला चालना मिळाली ती 1987 मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेने. रॉटरडॅमचा जो विद्वान आयुष्यभर एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात फिरत राहिला, त्याच्या नावाची ही योजना, आणि तोही कॅथलिक धर्मगुरूच होता. भारतासारख्या युरोपबाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना तिच्यातून सत्रासाठी जाण्याची सोय 2015 पासून झाली.

भारताच्या बाजूने नियम ठरले ते 2022 मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षीच्या नियमांनुसार परदेशी संस्थेशी जोड-अभ्यासक्रम चालवणाऱ्या भारतीय संस्थेला नॅकच्या मूल्यांकनात किमान 3.01 गुण, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभर विद्यापीठांत स्थान, किंवा ‘उत्कृष्ट संस्था’ हा दर्जा लागतो. विद्यार्थ्याला एकूण श्रेयांकांपैकी जास्तीत जास्त 30 टक्के परदेशात मिळवता येतात. नव्या शैक्षणिक धोरणात एका सत्राचे साधारण 20 श्रेयांक आणि तीन वर्षांच्या पदवीचे 120 धरले, तर ही मर्यादा 36 होते, म्हणजे एक सत्र आरामात बसते. युरोपात मात्र एका सत्राचे 30 श्रेयांक मोजले जातात आणि प्रत्येक श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचे काम गृहीत असते. तिथले 30 म्हणजे इथले 30 असे समजून बसणाऱ्याची परतल्यावर निराशा होते. कोणता विषय कोणत्या विषयाच्या बदली धरला जाणार, हे जाण्यापूर्वी दोन्ही विद्यापीठांकडून लेखी घेणे हाच त्यावरचा उपाय.

गडचिरोलीसाठी यात एक नवी घडामोड आहे. 27 सप्टेंबर 2011 रोजी स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराचे कर्टिन विद्यापीठ आणि लॉईड्स मेटल्स यांच्याबरोबर करार केला. ज्या कंपनीचा पोलाद प्रकल्प चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीला उभा राहिला, तीच ही कंपनी. खाणकाम आणि अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पर्थ हे नाव त्यामुळे या भागात घरोघरी ऐकू येऊ लागले आहे. एरवी इथल्या विद्यार्थ्याला परदेशी सत्राची संधी बहुधा नागपूर, पुणे, मुंबईच्या महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावरच मिळते. गावातली हुशारी आणि परदेशी विद्यापीठ यांच्यामध्ये हा एक मुक्काम अजून आहे, आणि तो कमी व्हायला हवा.

पैशाचे गणित आधी मांडावे लागते. जर्मनीत विद्यार्थ्याने खर्चाची तयारी दाखवण्यासाठी गोठवलेल्या खात्यात दरमहा 992 युरो या हिशेबाने रक्कम ठेवायची असते. सहा महिन्यांचे 5,952 युरो होतात. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसाचे शुल्कच 1 जुलै 2025 पासून 2,000 ऑस्ट्रेलियन डॉलर झाले आहे, आणि वर्षाच्या राहणीखर्चासाठी 29,710 डॉलरची तयारी दाखवावी लागते. ही रक्कम शेतकरी किंवा शिक्षकाच्या घराला पेलण्यासारखी नाही. शिष्यवृत्ती शोधताना ख्रिस्ती विद्यार्थ्याने एक कायदेशीर बाब नीट समजून घ्यावी. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. गोंड किंवा माडिया समाजातला विद्यार्थी कॅथलिक असला तरी आदिवासी विद्यार्थ्यांच्या योजनांना तो पात्र राहतो. अनुसूचित जातींचे तसे नाही. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता आहे. अल्पसंख्याक म्हणून परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना 2022 मध्ये बंद झाली. शिवाय सरकारी परदेश शिष्यवृत्त्या बहुतेक पूर्ण पदवीसाठी असतात, एका सत्रासाठी नसतात. त्यामुळे सत्राला निघालेल्याने पहिल्यांदा पाहायचे ते करारातच शुल्कमाफी आहे का, आणि इरॅस्मससारख्या योजनेतून मासिक भत्ता मिळतो का. जर्मनीत बॉन इथली काड ही कॅथलिक संस्था 1958 पासून इतर देशांतल्या कॅथलिक विद्यार्थ्यांना आधार देत आली आहे, पण तिचा भर पदव्युत्तर शिक्षणावर आणि शिकून मायदेशी परतणाऱ्यांवर असतो.

कागदपत्रांच्या धांदलीत चर्चची कागदपत्रे कोणती न्यावीत हा प्रश्न घरोघरी पडतो. पवित्र मिस्साला बसायला, ख्रिस्तशरीर घ्यायला, पापनिवेदन करायला कुठलाही दाखला लागत नाही. जगातल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये कॅथलिक माणूस पाहुणा नसतो. तरीही धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे ओळख देणारे पत्र आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्याची एक प्रत जवळ असावी. त्या दाखल्यावर विद्यार्थ्याचे चर्च कोणते हे लिहिलेले असते, आणि सिरो-मलबार परंपरेत बाप्तिस्म्याबरोबरच दृढीकरणाची नोंदही असू शकते. लॅटिन देशांत दृढीकरण बहुधा पौगंडावस्थेत होते. त्यामुळे तिथला एखादा धर्मगुरू चांगल्या हेतूने विद्यार्थ्याला दृढीकरणाच्या वर्गात बसवू पाहील. हा संस्कार दुसऱ्यांदा होत नाही, आणि दाखला दाखवला की प्रश्न मिटतो. वर्षभर लॅटिन मिस्साला गेल्याने विद्यार्थी लॅटिन होत नाही, हेही कुटुंबाला माहीत असावे. दोन्ही चर्चच्या कायद्यांत हे स्पष्ट आहे: दुसऱ्या पद्धतीच्या चर्चमध्ये कितीही काळ संस्कार घेतले तरी सदस्यत्व जन्माच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या चर्चचेच राहते.

आता पहिला रविवार. घरच्या कुर्बान्यात, म्हणजे सिरो-मलबार मिस्सात, सुरुवातीलाच ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हटले जाते. लॅटिन मिस्सात ती प्रार्थना उत्तरार्धात, ख्रिस्तशरीर घेण्याच्या थोडे आधी येते, म्हणून सुरुवातीला विद्यार्थी तिची वाट पाहत राहतो. शांतिदानाची वेळही वेगळी. घरी ते मुख्य अर्पण-प्रार्थनेच्या आधी हात जोडून दिले जाते. लॅटिन मिस्सात ते ख्रिस्तशरीर घेण्याच्या तोंडावर येते, आणि शेजारचा अनोळखी म्हातारा अचानक हात पुढे करतो. मग रांग पुढे सरकते. घरी भाकर बहुधा द्राक्षारसात बुडवून थेट जिभेवर ठेवली जाते. तिथे समोरची माणसे डावा तळहात उजव्यावर ठेवून उभी असतात. धर्मगुरू ‘ख्रिस्ताचे शरीर’ असे त्यांच्या भाषेत म्हणतात, उत्तर एवढेच असते, ‘आमेन’. ती भाकर तळहातावर घेऊन तिथेच तोंडात ठेवायची असते. जिभेवर घेण्याचीही मुभा आहेच. हा एक शब्द, आमेन, कोणत्याही भाषेत बदलत नाही, आणि पहिल्या रविवारी तोच एक ओळखीचा शब्द विद्यार्थ्याच्या मदतीला येतो.

वाचनेही वेगळी असतात. लॅटिन चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आहे. सिरो-मलबार वर्ष स्वतःच्या ऋतूंवर चालते. सुबारा, देनहा, महाउपवास, पुनरुत्थान असे त्याचे टप्पे आहेत. एकाच रविवारी चामोर्शीकडे आई एक शुभवर्तमान ऐकते आणि पर्थमध्ये मुलगी दुसरे. संध्याकाळी फोनवर ‘आज काय वाचलं?’ असे आईने विचारले तर दोघींना एकमेकींना सांगण्यासारखे काही असते.

मग परदेशात सिरो-मलबार चर्चच का शोधू नये, असे कुणीही विचारेल. ते आहे. अमेरिकेत शिकागोला 2001 मध्ये, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला 2013 मध्ये, ग्रेट ब्रिटनसाठी 2016 मध्ये सिरो-मलबार धर्मप्रांत झाले, आणि कॅनडातही मिसिसागाला आहे. युरोपच्या इतर देशांत केरळी समुदायांच्या मिस्सा होतात. उपासनेचा क्रम तिथे घरचाच मिळतो. भाषा मात्र मलयाळम, आणि मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ती इंग्रजीपेक्षाही परकी असते. जेवणाला बोलावणारी, आजारपणात धावून येणारी माणसे तिथे लवकर भेटतात हे खरे. पण सगळे रविवार तिथेच घालवले तर त्या देशाची भाषा कानावर पडायची एक उत्तम संधी हातची जाते. महिन्यातून एखादा रविवार केरळी समुदायात आणि बाकीचे विद्यापीठाजवळच्या स्थानिक धर्मग्रामात, अशी विभागणी सत्राच्या छोट्या काळात जास्त उपयोगी पडते. मिस्सा हा भाषा शिकण्याचा वर्गच आहे. तीच वाक्ये दर आठवड्याला त्याच क्रमाने येतात, अर्थ आधीच माहीत असतो, आणि महिन्याभरात कान त्या वाक्यांना धरू लागतो.

विद्यापीठातही एक दार असते. अमेरिकेत आणि इंग्रजी बोलणाऱ्या बऱ्याच देशांत कॅथलिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांना कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांचे नाव दिलेले असते. पहिला न्यूमन क्लब 1893 मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू झाला. जर्मनीत विद्यापीठाच्या गावात बहुधा कॅथलिक विद्यार्थी-समुदाय असतो. त्याची स्वतःची मिस्सा असते, एकत्र जेवण असते, आणि कित्येक ठिकाणी अडलेल्या परदेशी विद्यार्थ्यासाठी छोटा मदतनिधीही असतो. सत्राच्या पहिल्या आठवड्यात सगळेच नवे असतात, कुणाचे गट झालेले नसतात. तेव्हा या दारातून आत जाणे सोपे. महिना उलटल्यावर तेच जड जाते.

जर्मनीत याच काळात आणखी एक कागद समोर येतो. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, आणि त्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो. तिथे ‘रोमन कॅथलिक’ लिहिले की माणूस चर्चकराच्या यादीत जातो. हा कर आयकराच्या 8 किंवा 9 टक्के असतो. बायर्न आणि बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्यांत 8, बाकी ठिकाणी 9. ऐकीव माहितीवर विद्यार्थी घाबरतात आणि रकाना रिकामा सोडतात. पण हा कर उत्पन्नावरचा नसून आयकरावरचा आहे. ज्याला आयकरच बसत नाही त्याला चर्चकर शून्य, आणि सत्रासाठी आलेला विद्यार्थी जवळजवळ नेहमी याच गटात मोडतो. नोंद झाल्यावर पुढे सरकारी कार्यालयात जाऊन ‘चर्च सोडले’ असे जाहीर करणे तर फारच गंभीर. तिथल्या बिशपांनी 2012 मध्ये स्पष्ट केले की असे जाहीर करणाऱ्याला संस्कार घेता येत नाहीत. थोडे पैसे वाचवण्यासाठी कुणी इतक्या मोठ्या कागदावर सही करू नये.

उपवासाचे दिवस परदेशी सत्रात सर्वांत जास्त गोंधळ करतात. 2026 मध्ये महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला आली. चामोर्शीजवळ मार्कंड्याच्या देवळात वैनगंगेकाठी यात्रा भरते तो हा दिवस. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, सिरो-मलबार चर्चचा महाउपवास राखेने सुरू झाला. लॅटिन चर्चची राख बुधवारी, 18 तारखेला. ऑस्ट्रेलियातले पहिले सत्रही फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू होते. म्हणजे गावातली जत्रा, आईचा उपवास आणि पर्थचे वर्ग एकाच पंधरवड्यात येतात. घरी महाउपवासात अनेक कुटुंबे पन्नास दिवस मांस-मासे टाळतात. ऑस्ट्रेलियात उपवास आणि मांसत्याग राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी बंधनकारक असतो, बाकीच्या शुक्रवारी दुसरे कुठलेही प्रायश्चित्त चालते. इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनी 2011 मध्ये दर शुक्रवारचा मांसत्याग पुन्हा लागू केला. विद्यार्थ्याने राहत्या देशाचा नियम पाळला तरी चालते आणि घरची कडक रीत ठेवली तरी उत्तमच. मात्र वसतिगृहाच्या भोजनालयाला आधी सांगावे, नाहीतर सोमवारच्या ताटात नेमके मांसच येते. पर्थमध्ये ईस्टर शरद ऋतूत येतो आणि नाताळ भर उन्हाळ्यात. चामोर्शीच्या थंडीत शाल पांघरून मध्यरात्रीच्या मिस्साला जाणाऱ्याला हे कित्येक दिवस खटकत राहते.

एकटेपणाचा भर बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. नवलाई ओसरलेली असते, पहिले गृहपाठ परत आलेले असतात आणि त्यांतले गुण घरच्यापेक्षा कमी असतात. या काळात विद्यापीठाचा समुपदेशक आणि चर्चमधला धर्मगुरू या दोघांचीही दारे उघडी असतात, आणि एकाकडे गेले म्हणून दुसऱ्याकडे जाऊ नये असे नाही. पापनिवेदनाला भाषा अडते असे अनेकांना वाटते. चर्चच्या कायद्यात त्यासाठी दुभाष्याची सोय आहे आणि दुभाषाही गुप्ततेने बांधलेला असतो. मोडक्या इंग्रजीतले चार शब्दही पुरतात.

सत्र संपले की निघण्यापूर्वीची कामे ठरलेली असतात. जर्मनीत नगर कार्यालयातली नोंद रद्द करायची, म्हणजे करयादीतूनही नाव निघते. बँक खाते बंद करायचे. विद्यापीठाकडून शिक्क्याची गुणपत्रिका आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम तासांसकट लेखी घ्यायचा, कारण इथे श्रेयांक बदलून मिळताना तोच मागितला जातो. त्या धर्मग्रामात काही सेवा केली असेल, गाणमंडळात किंवा मुलांच्या वर्गात, तर तिथल्या धर्मगुरूंचे दोन ओळींचे पत्रही मागून घ्यावे. गावी परतल्यावर पुढच्या कुणाला तेच शहर मिळाले, तर ते पत्र आणि त्या चर्चचा पत्ता त्याच्या हाती देता येतो.